पाच हजार टँकरमध्ये विरघळलेली एक गोळी: पाण्यातलं आणि रक्तातलं औषध शोधतात कसं?

नदीच्या पाण्यात वेदनाशामकाचे अंश सापडले, सांडपाण्यात प्रतिजैविकं आढळली, अशा बातम्या आता अधूनमधून येतच असतात. बातमीत एक आकडा असतो, बहुतेक वेळा नॅनोग्रॅममधला. तो वाचून कुणी धसका घेतं, तर कुणी "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून पान उलटतं. तो आकडा निघाला कसा, हे मात्र बातमीत नसतं. खरं तर आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यावरच ठरतं.

आधी आकड्याचा अंदाज घेऊ. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. गुडघेदुखीवर घेतली जाणारी डायक्लोफेनॅकची गोळी साधारण ५० मिलिग्रॅमची असते. ती पाच कोटी लिटर पाण्यात विरघळवली, तर दर लिटरमागे एक नॅनोग्रॅम औषध येतं. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर हे पाणी पाच हजार टँकर भरेल. युरोपीय संघाने २०१५ साली नद्यांतल्या ज्या पदार्थांवर लक्ष ठेवायचं ठरवलं, त्या यादीत डायक्लोफेनॅक होतं. प्रयोगशाळेला ते लिटरला १० नॅनोग्रॅमपर्यंत ओळखता आलं पाहिजे, अशी अट होती. म्हणजे पाचशे टँकरमधली एक गोळी.

हे शक्य करणाऱ्या रीतींपैकी एक म्हणजे मायक्रोएक्स्ट्रॅक्शन, म्हणजेच सूक्ष्मनिष्कर्षण. नमुन्यातलं औषध ओढून काही मायक्रोलिटरच्या थेंबात किंवा केसाएवढ्या जाड थरात गोळा करायचं, असं हे तंत्र आहे. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो, आणि इथलं बरंचसं काम त्याहून लहान थेंबात होतं.

औषध पाण्यात येतं कुठून

घेतलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे जसाच्या तसा किंवा रूप बदलून बाहेर पडतो. दुखऱ्या सांध्यावर चोळलेल्या डायक्लोफेनॅक जेलमधलं जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास औषध शरीरात जातं, बाकीचं अंघोळीच्या पाण्यातून आणि कपडे धुताना गटारात उतरतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू बऱ्यापैकी फस्त करतात. डायक्लोफेनॅक मात्र बरंचसं टिकतं, आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन तर जवळपास आलं तसं नदीत जातं.

कारखान्यांची गोष्ट वेगळी. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी ज्या केंद्रात येत होतं, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलं. सोळा लिटरच्या हंड्यात ५०० मिलिग्रॅमची एक गोळी विरघळवावी, इतकं हे प्रमाण. तीच गोळी खाल्लेल्या माणसाच्या रक्तातलं सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाही. तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ इथेही औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. त्यामुळे ही मोजणी महाराष्ट्राच्याही कामाची आहे.

मोजणीमुळे काय घडू शकतं, हे गिधाडांनी दाखवलं. नव्वदच्या दशकात उपखंडातली गिधाडं भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. विषाणूचा संशय होता, पण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक सापडलं. औषध दिलेलं जनावर मेलं की त्याच्या मांसातलं डायक्लोफेनॅक गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंड निकामी करायचं. २००६ साली भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. मांसाच्या तुकड्यातून औषध वेगळं काढून मोजता आलं नसतं, तर आपण कदाचित अजून विषाणूच शोधत बसलो असतो.

यंत्र हुशार आहे, पण त्याला गर्दी सहन होत नाही

शेवटची मोजणी करतं ते मास स्पेक्ट्रोमीटर. हे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं वजन करणारं यंत्र. त्याच्याआधी एक बारीक नळी असते, तिला कॉलम म्हणतात. नमुन्यातले घटक तिच्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. डायक्लोफेनॅकचा ऋणभारित रेणू २९४ वजनाचा दिसतो, आणि फोडला की त्यातून २५० चा तुकडा निघतो. ठरलेल्या वेळी ही २९४–२५० ची जोडी दिसणं, ही त्याची ओळख. खात्रीसाठी तुकड्यांची आणखी एक जोडी तपासतात.

पण नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली ह्युमिक आम्लं असतात, साबण असतो, क्षार असतात. लघवीत युरिया, रक्तात प्रथिनं आणि चरबी. औषधाच्या एका रेणूमागे असे लाखो दुसरे रेणू. यंत्राच्या तोंडाशी भार मिळवण्यासाठी त्यांची झोंबाझोंबी होते. एसटीत जागा मोजक्या आणि स्टँडवर जत्रा, अशा वेळी आपला माणूस खालीच राहतो. तसं औषध नमुन्यात असूनही यंत्राला कमी दिसतं. याला संकेत दबणं म्हणतात, आणि चुकीच्या आकड्यांमागचं हे सगळ्यात लपलेलं कारण आहे. म्हणून नमुना यंत्रात जाण्याआधी औषध गर्दीतून बाजूला काढावं लागतं आणि घट्ट, म्हणजे संहत, करावं लागतं.

जुनी रीत

पूर्वीपासूनची पद्धत अशी: एक लिटर पाणी भल्यामोठ्या विभाजक नरसाळ्यात घ्यायचं, त्यात ६० मिलिलिटर डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं, खाली बसलेला द्रावकाचा थर काढायचा आणि हे तीनदा करायचं. एका नमुन्याला १८० मिलिलिटर, वीस नमुन्यांना ३.६ लिटर द्रावक. ते सगळं उडवून शेवटी अर्धा-एक मिलिलिटर उरवायचं. उडवलेली वाफ आरोग्याला घातक. सांडपाणी असलं तर मध्येच लोण्यासारखा फेस धरतो आणि थर वेगळे व्हायला तयार नसतात.

नंतर भुकटी भरलेल्या छोट्या नळकांड्या आल्या. अर्धा लिटर पाणी मिनिटाला पाच-दहा मिलिलिटरच्या वेगाने तिच्यातून सोडायचं, मग काही मिलिलिटर मिथेनॉलने औषध सोडवून घ्यायचं. ही पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे आणि चांगली आहे. पण एका नमुन्याला तासभर लागतो, नळकांडं एकदा वापरून फेकावं लागतं आणि गढूळ पाण्याने ते चोंदतं.

मिसळीच्या तर्रीतलं रसायनशास्त्र

मिसळीचा लाल रंग रश्श्याच्या पाण्यात कमी आणि वर तरंगणाऱ्या तर्रीत जास्त का असतो? मिरचीचं रंगद्रव्य पाण्यापेक्षा तेलात रमतं म्हणून. पातेलंभर रश्श्यावर चमचाभर तेल असलं तरी रंग त्यातच गोळा होतो. बरीचशी औषधंही अशीच तेलाकडे झुकणारी असतात. पाणी आणि तेल यांत औषध कोणत्या प्रमाणात वाटलं जातं, त्या आकड्याला विभाजन गुणांक म्हणतात. सूक्ष्मनिष्कर्षणाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

आता एक हिशेब करू, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. दहा मिलिलिटर पाण्यात १०० नॅनोग्रॅम औषध आहे. त्यात ०.६ मायक्रोलिटर आकारमानाचा तेलकट थर बुडवला. औषधाची त्या थराकडे ओढ पाण्याच्या १००० पट आहे. सगळं स्थिरावल्यावर थरात फक्त ५.७ नॅनोग्रॅम जातं, म्हणजे जेमतेम सहा टक्के. पण हे ५.७ नॅनोग्रॅम ०.६ मायक्रोलिटरमध्ये दाटलेलं असतं, मूळ पाण्यापेक्षा सुमारे ९४० पट घट्ट. जुन्या रीतीत जवळपास सगळं औषध बाहेर काढून मग द्रावक उडवत बसावं लागायचं. इथे थोडंच निघतं, पण निघतं ते घट्ट होऊनच.

याच हिशेबात आणखी एक चमत्कार दडलाय. तितक्याच प्रमाणात औषध असलेलं पाणी दहा मिलिलिटरऐवजी एक लिटर घेतलं, तरी थरात ५.७ च्या जागी ६ नॅनोग्रॅमच जातं. समतोल साधला की थर आणखी घेत नाही. त्यामुळे पाणी मोजून न घेता थेट नदीत किंवा टाकीत थर बुडवूनही मोजणी करता येते.

सुई आणि ढग

हा हिशेब ज्या साधनाचा आहे, ते कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी १९९० मध्ये पुढे आणलं. काचेच्या बारीक तंतूच्या टोकावर एक सेंटिमीटर लांबीचा, ७ ते १०० मायक्रोमीटर जाडीचा सिलिकॉनसारखा थर, आणि हा तंतू इंजेक्शनच्या सुईत आतबाहेर सरकतो. फ्रीजमध्ये उघडं ठेवलेलं लोणी चिरलेल्या कांद्याचा वास ओढून घेतं, तसा हा थर पाण्यातले किंवा पाण्यावरच्या हवेतले रेणू ओढतो. उडणाऱ्या पदार्थांसाठी ही सुई सरळ तापलेल्या यंत्रात खुपसतात. डायक्लोफेनॅकसारखी सहज न उडणारी औषधं थोड्या मिथेनॉल-पाण्यात सोडवून घेतात. नवा तंतू वापरण्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला तापवून स्वच्छ करावा लागतो, नाहीतर थरातलाच कचरा आलेखावर शिखरं काढतो. तंतू ठिसूळ असतो. बाटलीच्या रबरी बुचाला टेकला की तुटलाच.

दुसरी रीत तेहरानमधून २००६ साली आली. फिनेलचं बूच बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते पाहिलंय ना? फिनेलमधल्या तेलाचे लाखो बारीक थेंब पाण्यात पसरतात म्हणून. मूळ प्रयोगात पाच मिलिलिटर पाण्यात एक मिलिलिटर ॲसिटोन आणि त्यात मिसळलेलं अवघं ८ मायक्रोलिटर टेट्राक्लोरोएथिलीन जोरात सोडलं. क्षणात ढग तयार झाला. थेंब इतके बारीक की त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे प्रदूषक काही सेकंदांत तेलात शिरलं. मिनिटाला ६००० फेऱ्यांनी दीड मिनिट फिरवल्यावर तळाशी पाच मायक्रोलिटरचा थेंब बसला, मूळ पाण्यापेक्षा सहाशे ते अकराशे पट घट्ट. तो प्रयोग औषधांवर नव्हता, जळणातून येणाऱ्या प्रदूषकांवर होता. औषधांसाठी ती रीत नंतर वापरली गेली.

यातलं क्लोरीनयुक्त द्रावक विषारी आहे आणि तळाचा थेंब सुईत ओढताना पाणीही येतं. म्हणून पाण्याहून हलकं १-डोडेकॅनॉल वापरू लागले. ते खोबरेल तेलासारखंच २४ अंशांच्या आसपास गोठतं. नळी पाच मिनिटं बर्फात ठेवायची, वर तरंगणारा गोठलेला थेंब उचलून दुसऱ्या बाटलीत टाकायचा, तिथे तो वितळतो. अलीकडे मेंथॉल आणि थायमॉल यांचं मिश्रणही वापरतात. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचं फूल. दोन्ही घन, पण एकत्र केले की पाणी होतात. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एका बाटलीत घालून घरी अमृतधारा केली असेल, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

नळी, आणि सामूची किल्ली

शरीरातल्या आणि गढूळ नमुन्यांसाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती तिसरी रीत, १९९९ मध्ये ऑस्लोत विकसित झालेली. पॉलिप्रॉपिलीनची पोकळ नळी घ्यायची. आतला व्यास ०.६ मिलिमीटर, भिंत ०.२ मिलिमीटर, म्हणजे बाहेरून शेवयीएवढी. भिंतीला ०.२ मायक्रोमीटरची छिद्रं. त्या छिद्रांत तेल मुरवायचं, पोकळीत वीसेक मायक्रोलिटर पाणीच भरायचं आणि नळी नमुन्यात सोडायची. बाहेर नमुन्याचं पाणी, मध्ये तेलाची भिंत, आत स्वच्छ पाणी.

औषधाने आत का जावं आणि गेल्यावर बाहेर का येऊ नये? इथे सामू, म्हणजे पीएच, कामाला येतो. डायक्लोफेनॅक हे आम्ल आहे आणि त्याचा कलण्याचा बिंदू, म्हणजे निम्मे रेणू भारित असतात तो सामू, ४ च्या आसपास आहे. त्याहून आम्लधर्मी पाण्यात रेणूवर भार नसतो, आणि बिनभाराचा रेणू तेलात सहज शिरतो. अल्कधर्मी पाण्यात तो भारित होतो. भारित रेणू पाण्याला चिकटून राहतो, तेलात पाऊल टाकत नाही. म्हणून बाहेरचा सामू २ ठेवायचा, तिथे शंभरातला एखादाच रेणू भारित असतो. आतला सामू १२ ठेवायचा, तिथे जवळजवळ सगळे भारित. रेणू तेलातून आत येतो, आल्याआल्या भार घेतो आणि अडकतो. मासा आत शिरतो पण बाहेर पडू शकत नाही, त्या बांबूच्या सापळ्यासारखंच हे. प्रथिनं आणि गाळ छिद्रांतून जात नाहीत. साखर, युरिया, क्षार तेल ओलांडत नाहीत. आतला थेंब आरशासारखा स्वच्छ निघतो.

ॲमिट्रिप्टिलिनसारख्या अल्कधर्मी औषधांसाठी सगळं उलट करायचं: नमुना अल्कधर्मी, आतला थेंब आम्लधर्मी. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन? त्यावर धन आणि ऋण दोन्ही भार एकाच वेळी असतात. कुठलाही सामू निवडा, ते तेलाकडे फिरकत नाही. अशा औषधांसाठी भारित रेणूंना जोडीदार देणारी वाहक रसायनं किंवा भुकटीची जुनी नळकांडीच बरी. एकच रीत सगळ्या औषधांना चालते असं कुणी म्हणालं, तर त्याला सिप्रोफ्लॉक्सासिनबद्दल विचारावं.

प्रत्यक्ष कृती

नदीच्या पाण्यातल्या डायक्लोफेनॅकसाठी काम साधारण असं चालतं. पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत घ्यायचं, कारण उन्हात हे औषध काही तासांत फुटू लागतं. बाटली बर्फात ठेवून आणायची, काचतंतूच्या ०.७ मायक्रोमीटर गाळणीतून गाळायची, ४ अंशांवर ठेवायची. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी असेल तर बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतच काही औषधं बदलून टाकतो.

दहा मिलिलिटर पाण्यात सगळ्यात आधी अंतर्गत मानक घालायचं. म्हणजे चार हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेलं डायक्लोफेनॅक, माहीत असलेल्या प्रमाणात. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ करायचा. नळीचा सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवायचा, पाच-दहा सेकंद डायहेक्साइल ईथरमध्ये बुडवायचा, बाहेरचं जादा तेल पाण्याने घालवायचं. सूक्ष्म सिरिंजने पोकळीत २० मायक्रोलिटर सोडियम हायड्रॉक्साइड भरायचं, तीव्रता १० मिलिमोलर. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून, दोन्ही टोकं पाण्याच्या वर ठेवून नमुन्यात सोडायची आणि ४५ मिनिटं ढवळायचं. शेवटी आतला थेंब ओढून, किंचित आम्ल घालून त्याचा सामू खाली आणायचा, कारण साधा सिलिकाचा कॉलम सामू ८ च्या वर झिजतो. मग यंत्रात.

दहा मिलिलिटर आणि २० मायक्रोलिटर यांचं गुणोत्तर ५०० आहे. साठ टक्के औषध आत आलं, तर ते ३०० पट घट्ट झालं. द्रावक लागलं ते फक्त भिंतीत मुरलेलं, वीस-पंचवीस मायक्रोलिटर.

कुठे बिघडतं

नळीवर हवेचे बुडबुडे चिकटले की तेवढा भाग बंद पडतो. ढवळणं फार जोरात झालं की बुडबुडे वाढतात आणि छिद्रांतलं तेल धुपून जातं. हळू झालं तर औषध नळीपर्यंत पोचतच नाही. डायहेक्साइल ईथरऐवजी १-ऑक्टॅनॉल वापरलं, तर ते लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम पाण्यात विरघळतं. दहा मिलिलिटरमध्येही भिंतीतल्या तेलाचा चांगला हिस्सा जाऊ शकतो आणि भिंत गळू लागते. ४५ मिनिटांऐवजी कुणी ३० मिनिटांत उरकलं, तर पुढच्या नमुन्यांशी तुलना संपली.

टेट्रासायक्लिन गटाची प्रतिजैविकं तर वेगळीच डोकेदुखी. डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात, कारण दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं आणि औषध निघता निघत नाही. त्यासाठी नमुन्यात धातूंना जखडणारं इडीटीए आधीच घालतात.

दूषित होण्याचा धोका माणसाकडूनही असतो. नमुना घेणाऱ्याने आदल्या रात्री कंबरेला डायक्लोफेनॅक जेल चोळलं असेल, तर त्याच्या हाताला लागलेलं औषध नदीतल्या औषधापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. म्हणून हातमोजे, जेलबंदी, आणि दर खेपेला शुद्ध पाण्याची एक बाटली प्रवासात नेऊन तिचीही तपासणी. त्या कोऱ्या नमुन्यात औषध दिसलं, तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयास्पद.

रक्त आणि लघवीची अडचण वेगळी

रक्तातल्या डायक्लोफेनॅकचे शंभरातले नव्याण्णवहून जास्त रेणू अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असतात. काम करतं ते मोकळं औषध. एकूण औषध मोजायचं, तर आम्लाने किंवा मिथेनॉलने प्रथिनाची पकड सोडवून, रक्तद्रव पातळ करून मगच नळी बुडवावी लागते. हे विसरलं की आकडा शंभरपटीने कमी येऊ शकतो. उलट मोकळंच मोजायचं असेल, तर बारीक तंतू उत्तम. तो इतकं थोडं घेतो की मोकळ्या आणि चिकटलेल्या औषधातला समतोल ढळत नाही.

लघवीत यकृताने साखरेसारखा ग्लुक्युरोनिक गट जोडून सोडलेलं औषध असतं. हा गट पाण्याला इतका प्रिय की रेणू तेलात येत नाही. मॉर्फिनची तपासणी करताना आधी बीटा-ग्लुक्युरोनिडेज विकर घालून, कोमट ठेवून तो गट तोडतात. हाच गट गटारातले जिवाणूही तोडतात, म्हणून काही औषधं प्रक्रिया केंद्रात शिरताना जितकी दिसतात, त्यापेक्षा बाहेर पडताना जास्त दिसतात.

या तंत्राची सगळ्यात मोठी गरज नवजात बाळांना आहे. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८५ मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. औषधाची पातळी पाहायला दोन मिलिलिटर काढलं, तर मोठ्या माणसाचं शंभर मिलिलिटरहून जास्त रक्त एका वेळी काढण्यासारखं झालं. टाचेतून घेतलेल्या १० किंवा २० मायक्रोलिटर रक्तावर भागलं पाहिजे. कागदावर वाळवलेला थेंब सोयीचा, पण दाट रक्त कागदावर कमी पसरतं आणि पातळ जास्त. त्यामुळे टिकली कापून मोजताना चूक शिरते. ठरावीक आकारमानच शोषणाऱ्या टोकाच्या काड्या त्यासाठीच आल्या.

"सहा टक्केच काढलं, मग आकडा खरा कसा?"

दर वेळी तेच सहा टक्के निघत असतील तर आकडा खरा येतो. औषध नसलेल्या तशाच पाण्यात ५, १०, ५०, १००, ५०० नॅनोग्रॅम औषध मुद्दाम घालून, तीच कृती करून आलेख काढतात. शिवाय जड हायड्रोजनचं जुळं भावंड नमुन्यात आहेच. बुडबुडा आला, तेल गळलं, संकेत दबला, तर दोघांचंही सारखंच नुकसान होतं. यंत्र दोघांचं गुणोत्तर पाहतं, आणि ते टिकून राहतं. रक्तातल्या औषधांच्या मोजणीसाठी २०२२ मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की आकडा खऱ्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवा, आणि अगदी तळाच्या पातळीला २० टक्क्यांच्या आत.

"यंत्रं एवढी सुधारली, मग सरळ पाणीच का घालू नये?"

घालतात. नव्या यंत्रांत नुसतं गाळलेलं शंभर मायक्रोलिटर पाणी सोडूनही बऱ्याच औषधांची मोजणी होते, आणि स्वच्छ पाण्यासाठी तीच रीत शहाणपणाची. पण सांडपाणी, रक्तद्रव, लघवी सरळ घातली की संकेत दबतो आणि यंत्राचं तोंड काही दिवसांत माखतं. लिटरला एका नॅनोग्रॅमच्या खाली जायचं असेल, तरी पर्याय राहत नाही. हाताने एकेक नळी भरणं कंटाळवाणं आहे, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून ऑस्लोच्याच गटाने ९६ खळग्यांच्या पाट्या आणल्या. ९६ नमुन्यांना मिळून ४५ मिनिटं, म्हणजे एका नमुन्याला अर्ध्या मिनिटाहून कमी.

"सापडलं, म्हणजे धोका आहे का?"

लिटरला १०० नॅनोग्रॅम डायक्लोफेनॅक असलेलं पाणी रोज दोन लिटर प्यायलं, तर ५० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला ६८० वर्षांहून जास्त लागतील. माणसासाठी हा आकडा घाबरवणारा नाही. माशांसाठी मात्र काही औषधांचे नॅनोग्रॅममधले आकडेही घाबरवणारे असतात. कॅनडातल्या ओन्टारियोमधल्या एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरला ५–६ नॅनोग्रॅम राखलं. नर माशांत मादीची लक्षणं आली आणि लहान माशांची एक जात तलावातून जवळपास नाहीशी झाली. प्रतिजैविकांचं गणित आणखी वेगळं. तिथे प्रश्न पाण्यात राहून औषधाला सरावणाऱ्या जिवाणूंचा आहे.

घरचा टीडीएस मीटर इथे काहीच सांगत नाही. तो क्षार मोजतो, आणि त्याचा एक आकडा म्हणजे लिटरला दहा लाख नॅनोग्रॅम. पाणी उकळूनही बहुतेक औषधं जात नाहीत. सक्रिय कोळसा आणि आरओ त्यांतली बरीचशी अडवतात.

अहवालात "आढळले नाही" लिहिलं असेल तर

तर पुढचा आकडा शोधा: शोधमर्यादा. यंत्राच्या खरखरीच्या तिप्पट संकेत मिळेल तेवढं किमान प्रमाण म्हणजे शोधमर्यादा, आणि दहापट मिळेल ते मोजमर्यादा. नदीत ४० नॅनोग्रॅम डायक्लोफेनॅक असताना १०० ची शोधमर्यादा असलेली प्रयोगशाळा "आढळले नाही" लिहील, आणि ते तिच्या परीने बरोबरच असेल. त्यानंतर कोऱ्या नमुन्याचा निकाल पाहा. मग रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या औषधातलं किती टक्के परत मिळालं ते. ती ३० टक्के असूनही आकडा त्यानुसार दुरुस्त केलेला नसेल, आणि जड हायड्रोजनचं मानकही वापरलेलं नसेल, तर अहवालात छापलेले ४० नॅनोग्रॅम प्रत्यक्ष नदीत १३० च्या घरात असतात.